प्रीमियम टाकू का, सर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बडनेरा सोडून अकोल्याच्या रस्त्याला लागलं, की वाटेतल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर गाडी उभी करून पाहा. काच पूर्ण खाली व्हायच्या आत पोरगा विचारतो, ‘प्रीमियम टाकू का, सर? अॅव्हरेज वाढते.’ आपल्या वऱ्हाडात पेट्रोल भरत नाहीत, टाकतात. जसं भाजीत तिखट टाकावं, तसं. आपण क्षणभर अडखळतो. मागं चार मोटारसायकली ताटकळलेल्या असतात, शेजारी बायको बसलेली असते, आणि ‘नको, साधंच टाक’ म्हणताना आपली ऐपत चारचौघांत सांगितल्यासारखं वाटतं. मग तोंडातून निघून जातं, ‘बरं, टाक.’ लिटरमागं सात-आठ रुपये जास्तीचे गेले.

आता ज्याची गाडी नवी कोरी आहे, त्याला सात-आठ रुपयांचं फारसं काही वाटत नसेल. पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पंधरा-वीस-पंचवीस वर्षांच्या गाड्या अजून धावतात. त्या हौस म्हणून ठेवलेल्या नाहीत, दुसरी घेता येत नाही म्हणून ठेवलेल्या आहेत. दिल्लीसारखी पंधरा वर्षांनी गाडी रस्त्यावरून उतरवायची सक्ती आपल्याकडं खासगी गाड्यांना नाही. तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून घ्यायची. वीस वर्षांवरच्या मोटारगाडीची ही फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाली. एवढं करून जो माणूस जुनी मारुती चालवतो, त्याला अॅव्हरेज वाढतं असं कोणी सांगितलं, तर तो कान देणारच. म्हणून म्हटलं, आज या एकाच प्रश्नावर बोलू. जुन्या गाडीत महागाचं पेट्रोल टाकलं, तर ती लिटरमागं जास्त पळते का?

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलेला. पण अकोल्यात एका गॅरेजच्या बाकड्यावर माझी बरीच वर्षं गेली आहेत. तिथं चहा चांगला मिळतो, आणि मिस्त्री बोलके आहेत. कवीला दोन्ही लागतं.

आधी या ‘प्रीमियम’ शब्दाकडं पाहू. आपल्या घरांत हा शब्द पहिल्यांदा आला तो आयुर्विम्याच्या पावतीवर. तिथं त्याचा अर्थ हप्ता. पेट्रोल पंपावर तो २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आला. भारत पेट्रोलियमचं ‘स्पीड’, हिंदुस्थान पेट्रोलियमचं ‘पॉवर’, इंडियन ऑइलचं ‘एक्स्ट्रा प्रीमियम’. नावं अशी, की ऐकूनच गाडी पळायला लागावी. नाव ठेवणाऱ्यांत एखादा कवी असावा अशी मला शंका आहे. मात्र या नावांच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि आहेत, आणि त्या वेगळ्या करून कोणी सांगत नाही. एक, पेट्रोलात मिसळलेलं सफाईचं रसायन. ते इंजेक्टरवर आणि व्हॉल्व्हवर बसणारी काजळी धरू देत नाही, बसलेली हळूहळू काढतं. सुरुवातीला महागाचं पेट्रोल म्हणजे बहुतेक हेच होतं. दुसरी गोष्ट ऑक्टेन. आज ‘एक्सपी ९५’ वगैरे नावांतले जे आकडे दिसतात, ते ऑक्टेनचे.

ऑक्टेन म्हणजे ताकद, असा सरसकट समज आहे. तो खरा नाही. ऑक्टेन म्हणजे धीर.

इंजिनात होतं असं. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ आत येते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, तिला दाबत वर नेतो. दाबलं की वायू तापतो. सायकलला हवा भरताना पंपाचं नळकांडं गरम होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नेमक्या वेळी प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटतं आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. आता एखादं पेट्रोल उतावळं असलं, तर ठिणगीतून निघालेली ज्योत कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आतच तिथलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपलं आपणच भडकतं. त्याचा आवाज येतो. रिकाम्या डब्यात ज्वारीचे दाणे हलवावेत तसा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, गाडीत सहा माणसं आणि पाय दाबून टॉप गिअर, अशा वेळी जुन्या गाडीतून तो हमखास ऐकू येतो. इंग्रजीत त्याला नॉकिंग म्हणतात. आमचे मिस्त्री म्हणतात, ‘गाडी ठोकून राह्यली.’ हे ठोकणं फार दिवस चाललं, तर पिस्टनला भोक पडतं.

हा उतावळेपणा मोजायला शास्त्रज्ञांनी एक पट्टी केली. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव फार धीराचा, त्याला १०० दिले. हेप्टेन अगदीच उतावळा, त्याला ०. पेट्रोल ९१ ऑक्टेनचं आहे याचा अर्थ, ते ९१ भाग ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतका दाब सोसतं. बस्स. त्यात उष्णता किती साठवलेली आहे, हे हा आकडा सांगतच नाही. लिटरमागं गाडी किती पळेल ते ठरतं उष्णतेवर, आणि ती उष्णता इंजिन किती कामाला लावतं त्यावर.

मग जास्त ऑक्टेनचं पेट्रोल निघालं कशाला? तर ते अशा इंजिनांसाठी, जी मिश्रणाला फार दाबतात. जितकं जास्त दाबावं, तितकं त्याच इंधनातून काम जास्त निघतं, पण तेवढा दाब सोसणारं पेट्रोल हवं. आजच्या टर्बोच्या गाड्यांची, काही भारी मोटारसायकलींची गरज ती आहे. शिवाय नव्या गाड्यांत ठोकण्याचा आवाज टिपणारा एक सेन्सर असतो. इंजिनावरचा संगणक त्याचं ऐकून ठिणगीची वेळ मागं-पुढं करतो. पेट्रोल धीराचं मिळालं, तर तो ठिणगी थोडी आधी टाकून त्याचा फायदा उचलू शकतो.

आपल्या जुन्या गाडीत हा संगणक नाही. प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडर, कार्बोरेटरची मारुती ८०० यांच्यात ठिणगीची वेळ मिस्त्रीनं डिस्ट्रिब्युटर फिरवून एकदा बसवलेली असते. टाकीत ९१ आलं काय, ९५ आलं काय, तिला कळत नाही. शिवाय ही इंजिनं मुळातच मऊ आहेत. मिश्रण साधारण आठ-नऊ पटींच्या आसपास दाबतात. ती बनली तेव्हा आपल्याकडं साधं पेट्रोल मिळायचं ८७ ऑक्टेनचं. त्यांना ९५चं पाजणं म्हणजे ज्याला पायऱ्या चढायच्याच नाहीत त्याला चढायची काठी देणं.

हे मी बाकड्यावरून सांगतो आहे असं नाही. अमेरिकेतल्या ‘एएए’ या मोटारवाल्यांच्या मोठ्या संघटनेनं २०१६ साली साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्या प्रयोगशाळेत दोन्ही पेट्रोलांवर चालवून पाहिल्या. ताकद, इंधनाची बचत, धूर, कशातच लक्षणीय फरक आला नाही. एका वर्षात अमेरिकी लोकांनी अशा गरज नसलेल्या गाड्यांत महागाचं पेट्रोल ओतून दोन अब्ज डॉलरच्या वर पैसे उडवले, असा त्यांचा अंदाज होता.

इथं एखादा श्रोता म्हणेल, ‘कवी महाराज, ते अमेरिकेत. माझ्या गाडीत प्रीमियम टाकल्यावर ठोकणं बंद झालं, अॅव्हरेजही वाढलं. मी काय खोटं बोलतो?’ नाही, भाऊ, तुम्ही खोटं बोलत नाही. पण कारण दुसरं असू शकतं.

सगळ्यात वाईट कारण आधी सांगतो. पेट्रोलात रॉकेल. रॉकेलचं ऑक्टेन पेट्रोलच्या मानानं फारच कमी. रेशनचं निळं रॉकेल स्वस्त होतं, त्या काळात ही भेसळ हा केवढा धंदा होता ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळवाल्यांनी जिवंत जाळलं. इंधनाची भेसळ पकडायला गेलेला अधिकारी दिवसाउजेडी मारला गेला. अशा पेट्रोलावर चालणारी गाडी ठोकणारच, तिचं अॅव्हरेज पडणारच. तिच्यात उद्या शुद्ध पेट्रोल गेलं, मग ते साधं का असेना, तर ती सुधारणार. आणि ते शुद्ध पेट्रोल नेमकं महागाच्या नळीतून आलेलं असेल, तर श्रेय नळीला मिळणार. याचा उपाय दोन रुपयांचा आहे. पंपावर फिल्टर पेपर मागायचा. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. थेंब उडून गेला आणि डाग उरला नाही तर पेट्रोल स्वच्छ; डाग राहिला तर प्रश्न विचारायचा. फिल्टर पेपर मागणं, घनता तपासून मागणं, पाच लिटरच्या मापानं मोजून मागणं, हे तिन्ही ग्राहकाचे हक्क आहेत. मागताना लाजायचं नाही. ऐपत उघडी पडते तिथं आपण लाजतो, आणि हक्काच्या ठिकाणीही लाजतो, हे काही खरं नाही.

दुसरं कारण इंजिनातलाच कार्बन. लाख-दीड लाख किलोमीटर झालेल्या इंजिनात दट्ट्याच्या डोक्यावर काजळीचा थर बसतो. थरामुळं जागा कमी होते, दाब वाढतो. शिवाय तो थर निखाऱ्यासारखा तापून राहतो आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. अशी गाडी साध्या पेट्रोलावर ठोकते आणि जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलावर गप्प होते, हे खरं आहे. अकोल्याचा मे महिना, पारा ४५च्या वर, आत जाणारी हवाच भट्टीतली. तेव्हा तर फरक स्पष्ट जाणवतो. पण ही गाडी प्रीमियम मागत नाही, ती हेड खोलून सफाई मागते आहे. दर टाकीला जास्तीचे पैसे भरत राहण्यापेक्षा एकदा मिस्त्रीला दिलेले बरे.

आणि तिसरं कारण पाय. महागाचं पेट्रोल टाकलं की माणूस थोडा जपून चालवतो. मनात हिशेब चालू असतो. अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका होतो, आणि अॅव्हरेज वाढतं. पेट्रोल तेच.

एवढं सगळं झाल्यावर आता मी खऱ्या प्रश्नाशी येतो, कारण तो माझ्या घरातून आला. माझी थोरली बहीण मूर्तिजापूरला असते. आम्ही तिला आपा म्हणतो, आणि तिच्या नवऱ्याला दुल्हेभाई. दुल्हेभाई जिनिंगमध्ये मुनीम होते, आता घरी असतात. आपाला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी अकोल्याला न्यावं लागतं. एका बाजूनं चाळीसेक किलोमीटर. डायलिसिसनंतर तिला एसटीत बसवत नाही, उलटी होते. म्हणून १९९८ची मारुती ८००, कार्बोरेटरची. महिन्याला हजार किलोमीटर होतात. मुनिमाचीच वही, त्यामुळं प्रत्येक टाकीचा हिशेब तिच्यात आहे: तारीख, लिटर, किलोमीटर, अॅव्हरेज. पूर्वी त्या गाडीचं अॅव्हरेज सतरा असायचं. पुढं ते सोळावर आलं, आणि तिथंच राहिलं. एका पंपावर त्यांना सांगितलं, प्रीमियम टाका, वाढेल. दुल्हेभाई तीन महिने तेच टाकत होते.

मी त्यांना म्हटलं, ‘दुल्हेभाई, वही आणा.’

समजा, साधं पेट्रोल १०५ रुपये आणि प्रीमियम ११३. भाव रोज बदलतात, पण फरक साधारण असाच. आठ रुपये म्हणजे साडेसात टक्के जास्त. ते वसूल व्हायचे तर अॅव्हरेजही साडेसात टक्क्यांनी वाढायला हवं. सोळाचं सतरा पूर्णांक दोन व्हायला हवं. त्याच्या खाली काहीही आलं, तर तोटाच. वहीत काय होतं? सोळा, सव्वासोळा, एकदा साडेसोळा, पुन्हा सोळा. हजार किलोमीटरला साधारण साडेबासष्ट लिटर. लिटरमागं आठ रुपये, म्हणजे महिन्याला पाचशे. दुल्हेभाई वहीकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘पाचशेत आपाची आठ दिवसांची औषधं येतात.’

मग सतराचं सोळा झालं कशानं? याचं एक मोठं कारण ज्या पेट्रोलात आहे, ते साध्या नळीतही आहे आणि महागाच्या नळीतही. इथेनॉल. जून २०२२ मध्ये देशभर पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट पुरं झालं, आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेलं. आता हिशेब पाहा. एक लिटर पेट्रोलात उष्णता असते साधारण ३२ मेगाज्यूल. एक लिटर इथेनॉलात २१च्या आसपास, म्हणजे दोन तृतीयांश. वीस टक्के मिसळलं, की लिटरमागची उष्णता जवळजवळ सात टक्क्यांनी कमी होते. नीती आयोगानं २०२१ साली जो आराखडा काढला, त्यातही हेच म्हटलं होतं: शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, तर नव्या, दहा टक्क्यांसाठी घडवून वीसला जुळवलेल्या गाड्यांचं एक-दोन टक्क्यांनी. सतरातून सहा टक्के गेले की सोळा राहतात. दुल्हेभाईंच्या वहीनं नीती आयोगाला दुजोरा दिला म्हणायचा.

गंमत अशी, की इथेनॉलचं ऑक्टेन मात्र फार चढं आहे, शंभराच्या वर. त्यामुळं साध्या पेट्रोलचाच आकडा वर गेला. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मधल्या निवेदनात सांगितलं, की आपल्याकडचं पेट्रोल ८८ ऑक्टेनवरून ९१वर आलं आणि वीस टक्के इथेनॉलसह ते आता ९५वर गेलं आहे. म्हणजे धीर वाढला, पोषण कमी झालं. आणि ज्या ९५साठी आपण सात-आठ रुपये जास्त देतो, तो ९५ साध्या नळीतही असला, तर आपण नेमके कशाचे पैसे देतो? सफाईच्या रसायनाचे. ते रसायन इंजेक्टरवाल्या गाडीत उपयोगाचं आहे, मी नाही म्हणत नाही. दोन-चार महिन्यांत एखादी टाकी टाकली तर बिघडत नाही. पण कार्बोरेटरच्या गाडीत इंजेक्टरच नाहीत, आणि पडलेलं मायलेज त्या रसायनानं परत येत नाही.

इथेनॉलवर माझा राग नाही. परदेशातून तेल कमी आणावं लागतं, ऊस, मका पिकवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. बाजूच्या बुलडाण्यातल्या मकावाल्याला विचारा. पण जुन्या गाडीवाल्यानं त्याची किंमत लिटरमागं मोजली आहे, हे स्पष्टपणे सांगायला हवं. इथेनॉल नसलेलं पेट्रोलही पंपावर ठेवा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. निकाल लागला. आता गाडी आपल्यालाच सांभाळायची आहे.

मग आम्ही गाडी मिस्त्रींकडं नेली. त्यांनी टोपण उघडायच्या आधी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून एका बोटानं ढकलून पाहिली. हलली नाही. ‘मागचा डावा ब्रेक धरून राह्यला न जी,’ म्हणाले. ‘ब्रेक धरून गाडी चालवता, अन् पेट्रोलाले बोल लावता?’ ड्रम खोलला, ब्रेक सोडवला. दोन चाकांत हवा सहा-सात पौंडानं कमी होती. एअर फिल्टर झटकला तर त्यातून मूर्तिजापूरच्या जिनिंगमधला सगळा मोसम बाहेर आला, सरकीचे तंतू आणि धूळ. प्लग बदलले. पेट्रोलची रबरी नळी फुगून मऊ झाली होती. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, हे तिथं डोळ्यांनी दिसलं. नळी नव्या धाटणीची, इथेनॉलला टिकणारी टाकली. मग कार्बोरेटर. इथेनॉलात स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळं मिश्रण पातळ पडतं. नव्या गाडीचा संगणक ते ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, मग गाडी मरगळते आणि आपण पाय जास्त दाबतो. मिस्त्रींनी स्क्रू कानानं जुळवला. शेवटी डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून ठिणगी थोडी पुढं घेतली. ‘आता साधं पेट्रोलच धीराचं आलं आहे, तर तेवढं घेऊ शकतो,’ म्हणाले. जास्त ऑक्टेनचा जुन्या गाडीत जो काही फायदा आहे, तो एवढाच आणि असा: पेट्रोल बदलून नव्हे, पेचकसानं. घाटात ठोकायला लागली तर मात्र पुन्हा मागं आणायचं, ही ताकीदही त्यांनी दिली.

बिल झालं अकराशे रुपये. दोन महिन्यांचं प्रीमियम. अॅव्हरेज आता सतराच्या जवळ असतं, कधी टेकतं, कधी नाही.

रस्त्याचाही वाटा विसरून चालणार नाही. अमरावती-अकोला हा रस्ता कित्येक वर्षं कसा होता, ते या भागातल्या प्रत्येक मणक्याला आठवत असेल. खड्डा आला की ब्रेक, मग दुसरा गिअर, मग वेग, की पुन्हा खड्डा. पेट्रोल जळतं ते या ब्रेकात आणि पुन्हा घेतलेल्या वेगात. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३वर, लोणी ते माना या टप्प्यात, १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीची एक लेन सलग डांबरली, आणि तो विक्रम गिनेस बुकात गेला. विक्रमाचं मला फारसं कौतुक नाही. इतकी वर्षं जे झालं नाही ते पाच दिवसांत झालं, याचं आश्चर्य मात्र आहे. पण त्यानंतर त्या टप्प्यावर एका वेगानं गाडी चालवता येते, आणि चाळीस ते पंचावन्नच्या दरम्यान टॉप गिअरमध्ये शांत चाललेली जुनी मारुती जे अॅव्हरेज देते, ते कुठल्याही महागाच्या नळीतून मिळत नाही.

ज्यांना माझं खरं वाटत नाही, त्यांनी स्वतः मोजावं. मोजायची रीत सोपी आहे, पण नेटानं करायला हवी. एकाच पंपावर, शक्यतो सकाळच्या वेळी, नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची. किलोमीटरचा आकडा लिहायचा. तीनएकशे किलोमीटर नेहमीच्या रस्त्यावर चालवून त्याच पंपावर पुन्हा तशीच भरायची. जितके लिटर बसले, त्यानं किलोमीटर भागायचे. एका टाकीवरून निष्कर्ष काढायचा नाही; एक टाकी पावसात गेली, एक लग्नाच्या वऱ्हाडासकट गेली, असं होतं. साध्याच्या तीन, महागाच्या तीन, आणि हवा दर वेळी तपासलेली. काट्यावरून अंदाज बांधणाऱ्यांनी या वादात पडू नये. जुन्या गाडीचा काटा उन्हाळ्यात वेगळं सांगतो आणि चढावर वेगळं.

नव्या गाडीवाल्यांसाठी दोनच वाक्यं. टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात ९५ किंवा त्यापेक्षा जास्त ऑक्टेन लिहिलं असेल, तर तेवढं द्या, तिथं काटकसर नको. लिहिलं नसेल तर पंपावरच्या पोराचं ऐकू नका; त्या बिचाऱ्याला तसं विचारायला सांगितलेलं असतं.

राहता राहिले ते लोक, ज्यांच्या वाड्यात वडिलांच्या हातची पद्मिनी झाकून ठेवलेली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती गाडी निघणं केव्हाच थांबलं, मुंबईच्या टॅक्सीतूनही ती ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस गेली, पण अचलपूर-मूर्तिजापूरकडच्या वाड्यांतून अजून एखाद-दुसरी दिसते. ईदला, दिवाळीला बाहेर काढतात. या गाड्यांचा प्रश्न अॅव्हरेजचा नाही, उभ्या राहण्याचा आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलात पाणी खाली बसतं, टाकी आतून गंजते, कार्बोरेटरमध्ये पांढरट चिकट थर धरतो. इथेनॉल नसलेलं म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं, ते शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळतं. ते २०२० साली निघालं तेव्हाच दिल्लीत लिटरला १६० रुपये होतं. नागपूर-पुण्याकडं जाणं झालं आणि तिथं ते सापडलं, तर मृगाआधी गाडीत चार-पाच लिटर टाकून ठेवायला हरकत नाही. नाही सापडलं तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा, आणि गाडी काढायची त्या दिवशी ताजं साधं पेट्रोल टाकावं.